तराजूचा पैसा

आमच्या आजेसासूबाईंच्या देव्हाऱ्यात सुपाऱ्यांच्या डब्यात तांब्याची चौदा नाणी होती. त्यातलं एक मी हौसेने चिंच-मीठ लावून घासलं. लख्ख गुलाबी झालं, पण दीडशे-दोनशे वर्षांत चढलेला तपकिरी थर गेला तो गेलाच. म्हणून पहिलं सांगणं हेच: नाणं घासू नका. माती असेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात दोन दिवस भिजत ठेवा, पाणी बदला आणि सुती कापडाने नुसतं टिपून घ्या. घट्ट बसलेला गडद हिरवा कळंक राहू द्या. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र ते नाणं लगेच वेगळं काढा, दमट हवेत ती तांबं पोखरत जाते.

मग ओळख. नाणं सपाट उजेडात बघू नका, टॉर्च बाजूने तिरका धरा, झिजलेली अक्षरंही सावलीमुळे वर येतात. माझ्या एका नाण्यावर असाच तराजू दिसला. दोन पारड्यांच्या मधे फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. हा मुंबई इलाख्याचा पैसा. 1791 आणि 1794 चे पैसे इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत पाडून जहाजाने मुंबईला आले. त्यांच्या दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारी खूण असते: बदामाच्या आकारात कंपनीची अक्षरं, वर चारचा आकडा. ही खूण मालाच्या गाठींवरही मारत. 1804 च्या पैशावर खुणेच्या जागी कंपनीचं राजचिन्ह आलं, आणि तराजूखाली हिजरी सन, 1219. एकाच नाण्यावर दोन कालगणना! 1830 ते 1833 चे तराजूचे पैसे मुंबईच्या टांकसाळीतले, आणि माझं त्यातलंच, 1833 चं. ते सापडलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

1835 पासून कंपनीने सगळ्या इलाख्यांसाठी एकच नाणं केलं. पाव आणा म्हणजे एक पैसा, वजन 100 ग्रेन, साधारण 6.48 ग्रॅम. अर्ध्या आण्याचा ढब्बू त्याच्या दुप्पट. सोनाराकडे काट्यावर ठेवून बघा: झीज झाली की थोडं कमी भरतं, पण बरंच कमी किंवा जास्त भरलं तर शंका घ्या. चुंबकाला चिकटलं तर विषयच संपला. 1835 चा पाव आणा ढिगाने मिळतो, त्याला कुणी हजारो रुपये मागत असेल तर उठून या.

राम-सीता किंवा मारुतीची चित्रं असलेली, 1818 साल घातलेली ‘ईस्ट इंडिया कंपनी’ची नाणी कंपनीने कधीच काढली नाहीत. ती मागाहून बनवलेली आहेत. आमच्या डब्यातही एक होतं, ते मी देव्हाऱ्यातच परत ठेवलं, पूजेतलं होतं म्हणून. आणि ‘जुनं नाणं लाखांत घेतो, आधी फी भरा’ असा फोन आला तर भरू नका. 2021 मधे रिझर्व्ह बँकेनेच लोकांना असल्या फसवणुकीपासून सावध केलं होतं.

शेतात नांगरताना हंडा लागला तर तो आपला संग्रह नव्हे. 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांवरचं नाणं आपल्याला परदेशी नेता येत नाही, अमेरिकेतल्या लेकीला भेट म्हणूनसुद्धा.

ठेवायला मऊ प्लास्टिकचे अल्बम घेऊ नका, त्यांतून सुटणारा चिकट अंश तांब्यावर हिरवा उतरतो. मी कागदी पाकिटं वापरते, डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि रत्नागिरीचा पाऊस लागला की दर महिन्याला त्या बदलते. पाकिटावर पेन्सिलीने साल, वजन आणि नाणं कुणाकडून आलं ते लिहा. माझ्या 1833 च्या पाकिटावर ‘आजीच्या डब्यातून, सुपाऱ्यांखाली’ एवढंच आहे.