इन्कम टॅक्सची नोटीस आली? उत्तर देण्याआधी या चुका टाळा

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी इन्कम टॅक्स खात्याचा खराखुरा ईमेल वाचलाही नाही, थेट डिलीट केला. त्याला कारण होतं. आदल्याच महिन्यात रिफंडच्या नावाने आलेल्या एका लिंकवर ते बँकेचा तपशील भरायला बसले होते आणि सूनबाईंनी ऐनवेळी फोन हातातून काढून घेतला होता. तेव्हापासून खात्याच्या नावाने जे येईल ते खोटंच, अशी सरांनी खूणगाठ बांधली. खरा ईमेल होता तो रिटर्न सदोष असल्याचा. उत्तराला १५ दिवसांची मुदत होती, ती सरली, आणि भरलेलं रिटर्नच अवैध ठरायची पाळी आली.

ओळखीच्यांची रिटर्न भरायला मी बरीच वर्षं मदत करतो. खोट्या मेसेजला फसलेल्यांबद्दल सगळे बोलतात. खऱ्या नोटिशीकडे पाठ फिरवणाऱ्यांचं नुकसान मात्र रिफंड अडकेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. दोघांनाही उपयोगी पडणारी सवय एकच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मेसेजमधूनच उत्तर द्यायला जाणं

२०२३ मध्ये ‘तुमचा १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, खाते क्रमांक तपासा’ असा मेसेज फिरत होता. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला (पीआयबी) तो बनावट असल्याचं जाहीर करावं लागलं. दरवर्षी रक्कम बदलते, साचा तोच राहतो. खरा रिफंड तुम्ही इन्कम टॅक्सच्या वेबसाइटवर, म्हणजे पोर्टलवर, आधीच व्हॅलिडेट केलेल्या (पडताळून घेतलेल्या) बँक खात्यात परस्पर जमा होतो. त्यासाठी इन्कम टॅक्स खातं ओटीपी, पिन, पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर विचारत नाही.

मेसेज खरा वाटो वा खोटा, तो बाजूला ठेवा. ब्राउझरमध्ये इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करा, लॉगिन करा आणि ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’मध्ये ‘ई-प्रोसीडिंग्ज’ (नोटिशींना उत्तर द्यायचं पान) आणि ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ (डिमांड म्हणजे खात्याने मागितलेला थकीत कर) ही दोन पानं उघडून बघा. खात्याला तुमच्याकडून उत्तर हवं असेल तर ते इथे दिसायला हवं.

हातात कागद किंवा पीडीएफ असेल तर त्यावर ‘डिन’ शोधा, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक. १ ऑक्टोबर २०१९ पासून तो बंधनकारक आहे. पोर्टलच्या पहिल्याच पानावर, लॉगिन न करता, नोटीस खरी आहे का हे पडताळायची सोय आहे. तिथे हा क्रमांक आणि मोबाइल नंबर टाकला की खात्याने असं पत्र काढलंय का ते कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण करतं कोण? बहुतेक जण आधी नोटिशीचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतात. त्या फोटोत पॅन, पत्ता, उत्पन्न, सगळं असतं.

व्हिडिओ कॉलवर ‘इन्कम टॅक्स ऑफिसर’ होऊन कुणी ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देत असेल तर फोन ठेवा. असा प्रकार कायद्यात कुठेही नाही. टॅक्स कुणाच्या यूपीआय आयडीवर भरला जात नाही, त्याचं चलन, म्हणजे कर भरण्याची पावती, निघतं. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. इथे तासातासाने फरक पडतो.

इंटिमेशनला ‘नोटीस’ समजून हातपाय गाळणं

सर्वात जास्त फोन मला याच कागदासाठी येतात. कलम १४३(१) चं इंटिमेशन बेंगळुरूच्या केंद्रातून प्रत्येक रिटर्नला येतं. तुमचं रिटर्न आम्ही तपासलं, त्यातून हे निघालं, एवढाच त्याचा अर्थ. पीडीएफला पासवर्ड असतो: पॅन इंग्रजी स्मॉल अक्षरांत आणि लगेच पुढे जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ अंकांत.

उघडल्यावर शेवटची रक्कम बघून छातीत धस्स होऊ देऊ नका. दोन रकाने शेजारीशेजारी असतात, एक तुम्ही भरलेल्या आकड्यांचा आणि दुसरा खात्याने काढलेल्या आकड्यांचा. बोट ठेवून एकेक ओळ खाली या. आकडे जिथे वेगळे होतात, तिथेच उत्तर असतं. नोकरी बदललेल्यांचं हमखास कारण म्हणजे दोन फॉर्म १६ (कंपनीकडून मिळणारा पगार आणि टीडीएसचा दाखला). दोन्ही कंपन्यांनी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातली ठरावीक वजावट, धरलेलं असतं आणि टीडीएस कमी कापला गेलेला असतो. निवृत्तांच्या बाबतीत बहुधा एखाद्या जुन्या एफडीचं व्याज राहून गेलेलं असतं. बँकेने ते खात्याला कळवलेलं असतं, तुम्ही विसरलेले असता. म्हणून इंटिमेशन वाचताना फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सची नोंद) आणि एआयएस (बँका वगैरेंनी खात्याला कळवलेल्या तुमच्या व्यवहारांची यादी) शेजारी उघडे ठेवा.

घाईत ‘मान्य आहे’ दाबणं

ही चूक मला सर्वात जास्त सलते, कारण ती प्रामाणिक माणसं करतात. ‘सरकारी काम आहे, तीन हजार म्हणतात ना, भरून टाकू’ म्हणत ते डिमांड बरोबर असल्याचा पर्याय निवडतात. एकदा तो निवडला की त्याच डिमांडला नंतर तिथे असहमती नोंदवता येत नाही. आणि बऱ्याचदा मुळात काही देणंच नसतं: कंपनीने टीडीएस भरलेला असतो पण तुमच्या पॅनवर चढवलेला नसतो, किंवा आधी भरलेल्या चलनात असेसमेंट इयर, म्हणजे उत्पन्नाच्या पुढचं कर-आकारणीचं वर्ष, चुकलेलं असतं.

आधी तपासा. चूक खात्याच्या हिशोबात असेल तर असहमती नोंदवा, कारण निवडा, चलन जोडा. नोंदीतली उघड चूक असेल तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्जही करता येतो. डिमांड खरीच असेल तर मात्र भरायला उशीर नको. ३० दिवसांची मुदत उलटली की दरमहा १ टक्का व्याज सुरू होतं. पैसे भरताना चलनाचा प्रकार ‘रेग्युलर असेसमेंट टॅक्स’ (४००) असायला हवा. सवयीने ‘सेल्फ असेसमेंट’ (३००) निवडणाऱ्यांचे पैसे जातात आणि डिमांड तशीच लोंबकळत राहते. डिमांडच्या पानावरूनच ‘पे नाऊ’ केलं तर हा घोळ टळतो.

गप्प बसणं

जुनी थकबाकी नव्या रिफंडमधून वळती करण्याआधी कलम २४५ खाली विचारणा येते. त्याला २१ दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिफंड परस्पर वळता होतो. १४३(१)(अ) खाली खात्याने रिटर्नमध्ये सुचवलेल्या बदलाला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. १४२(१) (माहिती मागवणारी) किंवा १४३(२) (रिटर्नच्या सखोल तपासणीची) नोटीस खरोखर गंभीर. तिला प्रतिसाद दिला नाही तर प्रत्येक चुकीला १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि खातं आपल्या अंदाजाने उत्पन्न ठरवून मोकळं होतं. ती आली की सीएची फी वाचवू नका. कागद गोळा व्हायचे असतील तर ई-प्रोसीडिंग्जमध्येच मुदतवाढ मागता येते.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला तरी आधीच्या वर्षांची प्रकरणं १९६१ च्या कायद्यानेच चालतात. त्यामुळे हे जुने कलम-क्रमांक अजून काही वर्षं डोळ्यांसमोर येणारच.

आणि ‘साहेबांना भेटून मिटवतो, थोडे वर लागतील’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. १३ ऑगस्ट २०२० ला फेसलेस असेसमेंटचा, म्हणजे अधिकारी आणि करदाता समोरासमोर न येता होणाऱ्या तपासणीचा, विस्तार झाल्यापासून तुमची फाइल देशातल्या कोणत्या शहरात कोण बघतंय, हे त्या एजंटलाही ठाऊक नसतं. उत्तर पोर्टलवर चढवायचं आणि पोचपावती डाउनलोड करून ठेवायची.

नोटीस भलत्याच्याच ईमेलवर

पोर्टलवर नोंदवलेला ईमेल आणि मोबाइल नक्की कोणाचा आहे? लॉगिन करून ‘माय प्रोफाइल’ बघा. कितीतरी जणांच्या प्रोफाइलमध्ये रिटर्न भरून देणाऱ्याचा ईमेल असतो, कधीकधी तर त्याने त्याच कामापुरता काढलेला. १४ जुलै २०२५ ला खात्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत बोगस वजावटींविरुद्ध कारवाई केली, तेव्हा हेच समोर आलं: शेकडो रिटर्न भरायला तात्पुरते ईमेल काढलेले, नंतर सोडून दिलेले, आणि नोटिसा तिथेच न वाचता पडलेल्या. करदात्याला पत्ता नाही, पण कागदोपत्री नोटीस बजावलेली.

अशा एजंटने ‘मोठा रिफंड काढून देतो’ म्हणत न दिलेली देणगी किंवा न भरलेलं भाडं दाखवलं असेल, तर आता जुळवलेल्या पावत्या जोडू नका. खोटा पुरावा हा वेगळा गुन्हा आहे. चांगल्या सीएसमोर सगळं खरं मांडा आणि टॅक्स भरून मोकळे व्हा.

ईमेल, मोबाइल स्वतःचा करा, पासवर्ड बदला. सीएला दुसरा ईमेल म्हणून ठेवायला हरकत नाही.

घरात कुणी वारलं असेल तर याच कारणासाठी त्यांचं सिमकार्ड लगेच बंद करू नका. शेवटचं रिटर्न भरायचं असतं, रिफंड यायचा असतो, आणि नोटीसही त्याच नंबरवर येते. मृत्यू दाखला, त्यांचं पॅन आणि वारसाचा पुरावा घेऊन पोर्टलवर आधी कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा. ती मंजूर झाली की त्यांच्या पॅनवरची पत्रं तुमच्या लॉगिनमधून बघता येतात, उत्तरही तिथूनच देता येतं. सिम त्यानंतर बंद करा.