आधी बाग, मग वस्त्रं: पणजी ते कोलवाळ

पणजीच्या चर्चसमोरची गार्सिया द ओर्ता बाग बहुतेकांना फक्त बसायची जागा वाटते. तसं समजू नका. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला, आणि आपल्याकडच्या वेलची, हिंग, आंबा, भांग यांवरचा त्याचा ग्रंथ 1563 साली इथेच गोव्यात छापला गेला. मुलांना हे सांगूनच आत न्या, मग झाडं नुसती झाडं राहत नाहीत. सकाळी ऊन चढण्याआधी पोचा.

तिथून वस्त्रांकडे. कोलवाळला फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांच्या जुन्या घरात मोडा गोवा हे वेशभूषेचं संग्रहालय आहे. पणजी स्टँडवर कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची, म्हापशाची विनाथांबा बस मिळते, तिकीट खिडकीवर आधी काढावं लागतं. म्हापशाहून कोलवाळची लोकल बस घ्या. निघण्यापूर्वी संग्रहालयाला फोन करून वेळ नक्की करा, हे अजिबात टाळू नका.

आत कुणबी साडीपाशी थांबाच. लाल-पांढऱ्या चौकड्यांचं जाड सुती कापड, गुडघ्याच्या जरा खाली येणारं, खांद्यावर पदराची गाठ. शेतात वाकून रोप लावताना पदर घसरू नये म्हणून ती गाठ. काम करणाऱ्या बाईचं शहाणपण त्या गाठीत दिसतं, मला ती कुठल्याही भरजरी कपड्यापेक्षा मोलाची वाटते. शेजारी पानो-बाजू दिसला तर गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाच्या मांडो नाचातला बायकांचा वेश म्हणून ओळखाल. घरी आजीची जुनी कुणबी साडी असेल तर जाण्याआधी ट्रंकेतून काढून एकदा हातात घ्या, काचेआडच्या कापडाचा पोत मग डोळ्यांनीच कळतो.