बाळाला ट्यूब टाकताना: कोणतं पातं, कधी

श्वासनलिकेत ट्यूब टाकताना घसा दाखवणारं पात्याचं यंत्र म्हणजे लॅरिंगोस्कोप. त्याचा विचार करण्याआधी टॉवेल मागा. आपला सोलापुरीच, घडी घालून तान्ह्या बाळाच्या खांद्याखाली. बाळाचं डोकं मागून मोठं. सपाट टेबलावर मान पुढे वाकते आणि मग लाखाचा स्कोपही आंधळा. नवे रेसिडेंट हे हमखास विसरतात.

वर्षाच्या आतल्या बाळाला मी मिलरचं सरळ पातं घेते. नवजाताला शून्य नंबर, पुढे एक. एपिग्लॉटिस, म्हणजे स्वरयंत्रावरची झडप, लांब आणि लिबलिबीत असते, सरळ पातं ती थेट उचलतं. दोन वर्षांपुढे मॅकिन्टॉशचं बाकदार पातं. जीभ डावीकडे सारायला तेच बरं.

व्हिडिओ स्कोप (पात्यावर कॅमेरा, चित्र पडद्यावर) असेल तर तान्ह्या बाळाला पहिल्यांदाच वापरा, अडल्यावर नव्हे. 2020 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत पहिल्याच प्रयत्नात ट्यूब जाण्याचं प्रमाण व्हिडिओने 93 टक्के होतं, साध्या पात्याने 88. मात्र ती पाती नेहमीच्या आकाराची होती. जास्त वाकडं पातं हा वेगळा प्रकार. पडद्यावर स्वरतंतू झकास दिसतात, सगळे "दिसलं, दिसलं" म्हणतात आणि ट्यूब समोरच्या भिंतीवर अडून बसते. तेव्हा आणखी जोर लावू नका, उलट पातं जरासं मागे घ्या. ग्लॉटिस, म्हणजे स्वरतंतूंमधली फट, पडद्याच्या वरच्या भागात येऊ दे. स्टायलेटला (ट्यूबच्या आतल्या वाकणाऱ्या तारेला) पात्याचाच बाक द्या. ट्यूब घालताना आधी तोंडात बघा, टोक पात्याजवळ आलं की मग पडद्याकडे. नाहीतर टाळूला जखम व्हायची. टोक तंतूंतून आत शिरलं की स्टायलेट थोडा मागे ओढून ट्यूब पुढे सरकवा. आणि हो, बॅटरी सकाळीच बघून ठेवा.

अक्कलकोट-बार्शीकडे छोट्या नर्सिंग होममध्ये केस करायला गेलात तर बॅगेतलं साधं पातंच कामाला येतं. म्हणून मोठ्या, सोप्या मुलांत त्याचा हात चालू ठेवा.

कफवाल्या, म्हणजे टोकाजवळ फुगा असलेल्या ट्यूबचा नंबर दोन वर्षांपुढे वय भागिले 4 अधिक 3.5; अर्धा नंबर वरची-खालची उघडून नाही, पण हाताशी. कफचा दाब 20 सेंमी पाण्याच्या आत.

बाळाला किलोमागे मोठ्यांच्या दुप्पट ऑक्सिजन लागतो, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन धाडकन पडतं. दोनदा जमलं नाही तर मास्कने श्वास द्या, सीनिअरला हाक मारा. एलएमए (घशात स्वरयंत्रावर बसणारा मास्क) आधीच काढून ठेवा: 5 किलोपर्यंत 1 नंबर, 10 पर्यंत दीड, 20 पर्यंत 2. ट्यूब गेली तरी कॅप्नोग्राफवर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर) सलग लाटा दिसेपर्यंत चिकटपट्टी लावू नका.