डेंग्यू, चिकनगुनिया, माकडताप: कुठली टेस्ट कितव्या दिवशी करायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

लॅबच्या काउंटरवर मी दिवसभर एकच प्रश्न विचारतो, ताप कधीपासून आहे? उत्तर ठरलेलं, "झाले की दोन-तीन दिवस." मग सोबतची बायको म्हणते, अहो कसले दोन-तीन, संकष्टीला चंद्रोदयानंतर ताट वाढलं तर नको म्हणालात, तेव्हापासूनच अंग कसकसत होतं ना. कॅलेंडर काढून बघितलं तर आज सहावा दिवस. आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असतं फक्त एनएस१, म्हणजे डेंग्यूची अगदी सुरुवातीच्या दिवसांत करायची टेस्ट.

तर पहिलं काम हे, ताप आला ती तारीख पक्की करायची. नसेल आठवत तर बाजाराचा दिवस, उपास, सुट्टी, कशावरूनही काढा पण काढा. ज्या दिवशी ताप आला तो पहिला दिवस धरायचा. ही तारीख सॅम्पलच्या फॉर्मवर लिहायला लावा, कारण पुढचं सगळं गणित त्याच्यावरच आहे.

गणित असं. पहिले चार-पाच दिवस डेंग्यूचा व्हायरस स्वतः रक्तात फिरत असतो, त्याचं एनएस१ नावाचं प्रोटीन पण सापडतं. तेव्हा एनएस१ किंवा आरटी-पीसीआर (व्हायरसचे जनुक शोधणारी टेस्ट) करायची. शरीराने प्रतिकार सुरू केला की अँटीबॉडी बनतात, आधी आयजीएम, मग आयजीजी. डेंग्यूची आयजीएम साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसायला लागते, दहाव्या दिवसापर्यंत जवळपास सगळ्यांत दिसते, दोनेक आठवड्यांनी सगळ्यात जास्त असते आणि मग दोन-तीन महिन्यांत ओसरते. म्हणून पाच दिवसांच्या आत एनएस१, नंतर आयजीएम. चौथा-पाचवा दिवस असेल तर दोन्ही करा, पैसे जातात पण पुन्हा सुई टोचून घ्यायला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम निगेटिव्ह आली तर तिला काहीही अर्थ नाही. आमच्या शेजारच्या पोराची एका लॅबने दुसऱ्या दिवशी फक्त आयजीएमची कार्ड टेस्ट केली, निगेटिव्ह आली, घरचे म्हणाले चला सुटलो, डेंग्यू नाही. सातव्या दिवशी परत केली तर ठणठणीत पॉझिटिव्ह. टेस्ट चुकली नव्हती, दिवस चुकला होता.

आता ज्याला आधी एकदा डेंग्यू होऊन गेलाय त्याचं चित्र वेगळं. दुसऱ्यांदा झाला की जुनी ओळख असल्यामुळे आयजीजी पहिल्याच आठवड्यात झपाट्याने वर जाते, आयजीएम मात्र मरतुकडी असते, कधी दिसतच नाही, आणि एनएस१ पण लवकर निघून जातं. म्हणून तापाच्या चौथ्या दिवशी आयजीजी खूप वर असेल तर "ती जुनी असेल" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरला दाखवा, दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त तापदायक होऊ शकतो. उलट ताप-बीप काही नाही, हेल्थ चेकअपमध्ये नुसती आयजीजी पॉझिटिव्ह आली, तर कधीतरी होऊन गेलाय एवढंच, घाबरायचं कारण नाही.

कार्ड का एलायझा (मशीनवर रंग वाचायची प्लेटवरची टेस्ट)? कार्ड वीस मिनिटांत होतं, पण सरकारी हिशेबात कार्ड पॉझिटिव्ह म्हणजे संशयित, पक्की केस एलायझाने. सरकारी हॉस्पिटलांत आयजीएमचं जे किट येतं ते पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) बनवलेलं. त्याच्या प्लेटला ९६ खळगे असतात, तळाला माणसाची आयजीएम पकडणारं कोटिंग. त्यात पातळ केलेलं सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी) घालायचं, ३७ डिग्रीला ठेवायचं, धुवायचं, मग डेंग्यूचं अँटीजेन (अँटीबॉडी ज्याला चिकटते तो व्हायरसचा अंश), परत धुवायचं, मग त्याला चिकटणारी खूणवाली अँटीबॉडी, परत धुणं. धुण्यात आळस केला की सगळी प्लेटच रंगते, मग बसा परत. शेवटी टीएमबी नावाचं रंग आणणारं द्रावण घातलं की पॉझिटिव्ह खळगे निळे व्हायला लागतात आणि वरून ॲसिड टाकलं की तोच निळा क्षणात पिवळाधमक. ते मशीनवर ४५० नॅनोमीटरला वाचायचं. या सगळ्याला अर्धा दिवस जातो, शिवाय चार सॅम्पलसाठी कोण प्लेट लावत नाही, म्हणून रिपोर्ट उद्या मिळतो. काउंटरवर भांडून तो आज मिळत नाही हो.

सॅम्पल साध्या ट्यूबमध्ये द्यायचं, लाल किंवा पिवळ्या टोपीची. जांभळी टोपी सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची, प्लेटलेट तिच्यातून मोजतात (आणि प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच असं नसतं, बऱ्याच तापांत त्या उतरतात). गावाकडून पाठवायचं असेल तर रक्त अर्धा तास गोठू द्या, सीरम वेगळं करा आणि आइसपॅकवर पाठवा. अख्खं रक्त फ्रीझरमध्ये टाकू नका, पेशी फुटून सीरम लालभडक होतं आणि सॅम्पल वाया.

खरा गोंधळ पुढे आहे. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल, माकडताप ही सगळी एकाच फ्लेवीव्हायरस कुटुंबातली भावंडं, चेहरे इतके सारखे की एकाची अँटीबॉडी दुसऱ्याच्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह दाखवू शकते. २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला महाराष्ट्रातली पहिली झिकाची केस सापडली, आता ताप आणि पुरळ असलेली गरोदर बाई आली की नुसत्या डेंग्यू आयजीएमवर थांबून चालत नाही, रक्त आणि लघवी दोन्हीची पीसीआर लागते, कारण लघवीत झिका जास्त दिवस सापडतो. जपानी मेंदूज्वराची किंवा आफ्रिकेला जाताना पिवळ्या तापाची लस घेतली असेल तर तेही आधीच सांगा. फारच अडलं तर मोठ्या लॅबमध्ये पीआरएनटी करतात, म्हणजे पेशंटचं सीरम वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून जिवंत व्हायरससोबत पेशींवर घालायचं आणि व्हायरसने पाडलेली भोकं किती कमी झाली ते मोजायचं. ज्या व्हायरसला सीरम सगळ्यात जोरात अडवतं तो बहुतेक खरा गुन्हेगार. दिवस लागतात, सगळीकडे होत नाही.

चिकनगुनिया वेगळ्या कुटुंबातला, त्याची डेंग्यूशी अशी सरमिसळ नाही, पण डास तोच एडीस, दोन्ही एकदम होऊ शकतात. त्याची आयजीएम कित्येक महिने राहते, त्यामुळे गुडघे दुखतात म्हणून चार महिन्यांनी केलेली टेस्ट आजच्या तापाबद्दल काही सांगत नाही.

दोडामार्ग, बांदा, पलीकडे गोव्यातलं सत्तरी, या पट्ट्यातले असाल तर डिसेंबर ते मे मधल्या तापाला डेंग्यूच्या आधी माकडताप आठवा. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात हा सापडला, डासाने नाही, गोचिडीने होतो, आणि काजू गोळा करताना पायाला लागलेलं तिळाएवढं पिल्लू कळतसुद्धा नाही. काजूत, रानात गेला होतात का, जवळपास माकड मेलंय का, हे न विचारता सांगा. पहिल्या आठवड्यात पीसीआर, पाचव्या दिवसानंतर आयजीएम पण. खासगी लॅबमध्ये शोधत फिरू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रातून सॅम्पल पुढे जातं.

रिपोर्टची वाट बघताना पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी असं काही झालं तर सरळ हॉस्पिटल गाठा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका.

आणि रिपोर्ट अर्धवट आला, "इक्विव्होकल" वगैरे, म्हणजे धड पॉझिटिव्ह नाही आणि धड निगेटिव्हही नाही, तर दोन आठवड्यांनी दुसरं सॅम्पल द्यायचं. पहिल्यापेक्षा अँटीबॉडी चौपट वाढली असेल तर आताचंच इन्फेक्शन. पण दोन्ही सॅम्पल एकाच प्लेटवर, शेजारी शेजारी लावायला लागतात, म्हणून लॅबला आधीच सांगा पहिलं सीरम जपून ठेवा. आमच्या फ्रीझरमध्ये अशी कितीतरी पहिली सीरम पडून आहेत, ताप उतरला की माणूस जो काजूत जातो तो परत फिरकतच नाही.