बूम आडवी टाकू नका

पाण्यावर तेल सांडलं की पहिला विचार एकच येतो: या काठापासून त्या काठापर्यंत सरळ आडवी बूम, म्हणजे तेल अडवायची लांब तरंगती भिंत, ताणायची. मीही तेच केलं होतं. कामाला लागून दुसरंच वर्ष, नदीत डिझेल आलेलं. आम्ही सहा जणांनी घाम गाळून काटकोनात बूम बांधली, अगदी सुतात. वरच्या अंगाला तेल साठताना दिसलं तेव्हा समाधानाने काठावर टेकलो. अर्ध्या तासाने आमच्यातल्या म्हाताऱ्या नावाड्याने काही न बोलता खालच्या अंगाला बोट दाखवलं. बूमपासून चार-पाच हातांवर तेलाचे थेंब बुडबुड्यांसारखे वर येत होते, एकमेकांना मिळत होते आणि तवंग पुन्हा पुढे चालला होता. बूम जागच्या जागी आणि तेल तिच्या पोटाखालून पसार.

तेव्हापासून नव्या माणसाला मी आधी एवढंच शिकवतो की वाहत्या पाण्यात बूमने तेल अडवायचं नसतं, वळवायचं असतं. पाटाचं पाणी वाफ्याकडे वळवतात, तसं.

बूम म्हणजे काय ते थोडक्यात. वर तरंगणारा फ्लोट, त्याचा पाण्याबाहेरचा भाग लाटेला अडवतो. खाली लोंबणारी झालर, तिला आम्ही स्कर्टच म्हणतो. स्कर्टच्या तळाला साखळी, ती त्याला उभा ठेवते आणि ओढही सोसते. दोन तुकडे जोडायला टोकांना कडी किंवा सरकपट्टी. फोमची बूम चटकन पाण्यात जाते, हवेची बूम घडी करून कमी जागेत मावते पण भोक पडलं की लोळागोळा होते. शोषक बूम हा वेगळाच प्रकार. ती पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकची, तेल पिणारी आणि पाण्याला न भिजणारी असते. तिला स्कर्ट नसतो, त्यामुळे एकटीने ती काही अडवू शकत नाही. तिची जागा मोठ्या बूमच्या आत, उरलासुरला तवंग टिपायला.

बूमला हात लावण्याआधी काय सांडलंय ते विचारा. पेट्रोलसारखं झटकन उडणारं काही असेल तर ते एका जागी गोळा करू नका. गोळा केलेल्या पेट्रोलवर वाफ साचते आणि होडीच्या इंजिनाची एक ठिणगी पुरते. अशा वेळी लोकांना लांब ठेवायचं, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं आणि ते उडून जाऊ द्यायचं. मिथेनॉलसारखं पाण्यात विरघळणारं रसायन किंवा पाण्यापेक्षा जड असणारं काही असेल तर बूम निव्वळ शोभेची. ती फक्त तरंगणाऱ्या गोष्टींसाठी.

आता पाण्याचा वेग मोजा. यंत्र नसलं तरी बिघडत नाही. काठावर ३० मीटर अंतर पावलांनी नको, टेपने मोजा. दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. वरच्या खुंटीच्या थोडं वर काठीचा तुकडा किंवा नारळ टाका आणि घड्याळ लावा. नारळ चांगला, कारण तो जवळजवळ बुडालेला असतो आणि वारा त्याला ढकलत नाही. तीन वेळा मोजा, प्रवाहाच्या मधोमध मोजा, काठाजवळ नाही. काठाजवळचं पाणी नेहमी सुस्त असतं आणि त्याच्यावर विसंबलेला माणूस फसतो.

काटकोनात येणाऱ्या प्रवाहाचा वेग सेकंदाला साधारण ०.३५ मीटरच्या, म्हणजे ०.७ नॉटच्या वर गेला की तेल स्कर्टखालून ओढलं जायला लागतं. बूम कितीही महागाची असो, हा आकडा फारसा हलत नाही. पातळ तेलं तर याच्या आधीच निसटतात. म्हणजे नारळाला ३० मीटर जायला ८६ सेकंद किंवा जास्त लागले तरच बूम आडवी टाकता येईल. त्याहून कमी लागले तर ती प्रवाहाला तिरपी हवी. ६० सेकंद लागले तर बूम आणि प्रवाह यांच्यात ४५ अंशांचा कोन ठेवा. ४३ सेकंदांना ३० अंश. ३० सेकंदांना २० अंश. २० सेकंदांत नारळ गेला तर १३ अंश, म्हणजे बूम जवळजवळ प्रवाहाच्या समांतरच दिसते आणि बघे विचारतात, हे काय चाललंय. विचारू देत. तिरप्या बूमवर पाणी जोराने आदळत नाही आणि तेल तिच्या अंगाला धरून काठाकडे घसरत जातं.

याची किंमत लांबीत मोजावी लागते. २० अंशांच्या कोनात पात्राच्या रुंदीच्या जवळजवळ तिप्पट बूम लागते. ४० मीटर रुंद पात्राला साधारण ११७ मीटर, आणि वर बांधाबांधीला थोडी. बूम कमी असेल तर एकच लांब रांग करण्याचा हट्ट सोडा. छोटे तुकडे पायऱ्यांसारखे टाका, वरच्या तुकड्याचं शेपूट खालच्या तुकड्याच्या तोंडावर चढलेलं हवं. मधे फट राहिली तर तेल नेमकी तीच फट शोधतं.

तेल जिथे न्यायचं ती जागा कोनाच्याही आधी ठरवा. पाणी संथ असलेला आणि गाडी पोचू शकणारा काठ पाहा. नदीच्या वळणात बाहेरच्या काठाला पाणी पळतं, आतल्या काठाला मंदावतं. नकाशा नसला तर केरकचरा कुठे साचलाय ते पाहा, प्लास्टिकच्या बाटल्या आणि काटक्या जिथे गोल गोल फिरत बसल्या आहेत तिथे तेलही आपणहून यायला तयार असतं. समुद्रात किंवा खाडीत वाऱ्याचाही हिशेब धरा. तवंग प्रवाहाबरोबर पूर्ण वेगाने जातो आणि वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने वाऱ्याबरोबरही सरकतो.

ओढ किती बसते याचा अंदाज लोकांना नसतो. ०.६ मीटर स्कर्टची १०० मीटर बूम अर्ध्या नॉटच्या प्रवाहात आडवी धरली तर साधारण १,५०० किलोची ओढ बसते. प्रवाह दुप्पट झाला की ओढ चौपट, म्हणजे ६ टन. झाडाच्या फांदीला बांधू म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो. म्हणूनच वेगवान पाण्यात खोल स्कर्ट वापरायचा मोह आवरा. जास्त खोल स्कर्ट म्हणजे जास्त अडवणूक असं वाटतं, पण पाण्याला खालून जायला जागा कमी उरते, तिथला वेग वाढतो आणि तेल उलट लवकर खाली खेचलं जातं. उथळ, पळत्या पाण्यात वीतभर स्कर्ट पुष्कळ.

नांगर टाकताना नांगर आणि बूम यांच्यामध्ये एक बोया, म्हणजे दोर वर धरून ठेवणारा तरंगता गोळा, हवाच. तो नसेल तर नांगराचा दोर बूमचं टोक खाली ओढतो आणि तेल वरून जातं. दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट ठेवा. नांगराजवळ थोडी साखळी जोडा म्हणजे तो आडवा पडून तळात रुततो. चिखल-वाळूत रुंद पात्यांचा नांगर, खडकात आकड्याचा. नांगराच्या डोक्याला वेगळा दोर आणि छोटा बोया बांधून ठेवा, नाहीतर काम संपल्यावर तो काढताना तुम्हाला माझी आठवण येईल. आणि फक्त दोन टोकांवर भागवू नका. मधे आधार नसला की बूमला पोट सुटतं, पोटाच्या तळाशी ती पुन्हा काटकोनात येते आणि तुम्ही मोजलेला कोन वाया जातो. पळत्या पाण्यात दर १५ मीटरला एक नांगर किंवा काठाकडे ओढणारा दोर द्या.

बूम पाण्यात सोडताना आधी काठावर नागमोडी घालून ठेवा, पीळ तपासा, जोड तपासा. वरचं टोक आधी बांधा, मग खालचं होडीने हळू न्या. ओढणारा दोर होडीच्या कडेला बांधू नका, ओढ वाढली की होडी कलंडते. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवू नका. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट आणि कमरेला सुरी. सुरी हा दिखाऊपणा नाही. ओढ बसलेली गाठ हाताने सुटत नाही.

काठाशी जोड हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. भरती-ओहोटीच्या जागी सकाळी घट्ट लावलेलं टोक दुपारी हवेत लोंबतं. काठासाठी वेगळी बूम मिळते: वर हवेची नळी, खाली पाण्याने भरलेल्या दोन नळ्या. पाणी ओसरलं की ती चिखलावर बसते आणि फट राहत नाही. ती नसेल तर टोक भरतीच्या रेषेच्या वरपर्यंत न्या आणि खाली वाळूच्या पोत्यांनी दाबा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ही रेषा बरीच वर सरकते, कालची खूण आज चालत नाही.

बूम टाकली, आता पाहत बसायचं. मी हे काम कधी नवख्याला देत नाही. मागच्या अंगाला थेंब वर येत असतील तर वेग जास्त आहे, कोन आणखी तिरपा करा. बूमला चिकटूनच तेल अखंड खाली झिरपत असेल तर आतला साठा जाड झाला आहे, उपसा वाढवा. वरून लाट उडून तेल पलीकडे पडत असेल तर पाण्याबाहेरची उंची कमी पडते आहे. लांब, संथ लाट चालते, तुटक आखूड लाट नाही. स्कर्ट आडवा होऊन पृष्ठभागावर आला असेल तर तळाचं वजन कमी आहे किंवा बूम फार ताणली आहे. फ्लोटच बुडत असेल तर दोर आखूड आहेत. प्रत्येक भरती-ओहोटीच्या फेऱ्याला, आणि रात्रीही, एक चक्कर मारा. ओंडके अडकले तर लगेच काढा, त्यांच्यामागे पाणी तुंबतं आणि ओढ वाढते.

दोन होड्यांमध्ये बूम ओढून तेल पकडायचं असेल तर आकार इंग्रजी यू किंवा जे अक्षरासारखा ठेवा आणि पाण्याच्या सापेक्ष वेग ०.७ नॉटच्या खाली. मोठ्या लाँचना एवढं हळू चालणं जमत नाही आणि चालवणाऱ्याचा संयम तर आणखी लवकर संपतो.

बूमच्या आत गोळा झालेलं तेल स्किमरने, म्हणजे पाण्यावरून तेल काढणाऱ्या यंत्राने, किंवा व्हॅक्यूम टँकरने उपसायची सोय आधीच उभी हवी. एकदा आम्ही रात्रभर झकास तेल धरून ठेवलं आणि टँकर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर वारा फिरला होता. पुढचं सांगत नाही.

ओढा लहान असेल तर बूम आणायची गरजच नाही. मातीचा बांध घाला आणि त्यात नळ तिरपे बसवा: वरच्या अंगाला नळाचं तोंड तळाशी, खालच्या अंगाला टोक उंच. पाणी तळातून निघून जातं, तेल वर अडकून राहतं. नळ ओढ्याच्या पाण्याला पुरतील एवढे हवेत, नाहीतर बांध वरून फुटतो. घाईच्या वेळी बांबू, पिंपं, जाळीत भरलेला पेंढा किंवा हवा भरलेला अग्निशमनाचा होजही उपयोगी पडतो. पेंढा पाणी पिऊन बुडण्याआधी बदला.

काम संपल्यावर तेलकट शोषकं साध्या कचऱ्यात टाकू नका, ती वेगळ्या पिशव्यांत, खुणा करून. बूम प्लास्टिकच्या कापडावर पसरून गरम पाण्याने धुवा आणि ते धुवणही गोळा करा. पूर्ण वाळवून सावलीत ठेवा, उन्हाने कापड ठिसूळ होतं. आणि गुंडाळण्याआधी आत हात घालून पाहा. फोमच्या बूममध्ये उंदीर हौसेने घर करतात. आमच्या गोदामात एकदा ऐन बोलावण्याच्या वेळी घडी उलगडली तेव्हा आतून पाच पिल्लं निघाली आणि तीन फ्लोट कुरतडलेले.