पाय दुखत नाही म्हणून तपासलाच नाही? मधुमेहात या चुका टाळा

"पायांना काही त्रास नाही हो," असं म्हणत माणूस मोजा काढतो आणि त्यातून हरभऱ्याएवढा खडा खाली पडतो. तळव्यावर त्याचा लालभडक ठसा. दिवसभर त्या खड्यावर चालूनही पत्ता नाही! त्रास नाही हे खरंच, कारण त्रास कळवणारे मज्जातंतूच गप्प झालेत.

त्रास सुरू होईपर्यंत थांबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. न्यूरोपथी, म्हणजे मज्जातंतूंची झीज, झालेल्या जवळपास निम्म्या लोकांना मुंग्या, आग, टोचणी यातलं काहीच होत नाही. टाइप 2 मधुमेहात निदान होतं तेव्हाच पाय तपासायला हवेत, कारण साखर त्याआधी कित्येक वर्षं वाढलेली असू शकते. टाइप 1 मध्ये निदानानंतर 5 वर्षांनी पहिली तपासणी. पुढे दोन्हींत दरवर्षी.

आता मोनोफिलामेंट. हा नायलॉनचा बारीक तंतू वाकेपर्यंत टेकवला की 10 ग्रॅमचा दाब पडतो. चाचणी दोन मिनिटांची, पण घाईत हमखास बिघडते. आधी तो हातावर टेकवून दाखवायचा, म्हणजे काय ओळखायचंय ते कळतं. मग डोळे मिटायला सांगायचं. उघड्या डोळ्यांनी पायाकडे बघणारा प्रत्येक जण पास होतो. तंतू अंगठ्याच्या तळाशी, तसंच अंगठ्यामागच्या आणि करंगळीमागच्या उंचवट्यावर टेकवतात. घट्टा किंवा जखम असेल तर थोडं बाजूला सरकायचं, कारण जाड कातडीवर चांगल्या पायालाही तो कळत नाही. तंतू सरळ टेकवा, वाकू द्या, एक-दोन सेकंदांत उचला. घासू नका. टेकवल्याबरोबर "आता जाणवलं ना?" असं विचारणं म्हणजे उत्तरच हातात देणं! मधूनच न टेकवताही विचारा, अंदाजाने हो म्हणणारे तिथे सापडतात. दिवसभर वापरून मऊ पडलेला तंतूही खोटा निकाल देतो. त्याला विश्रांती लागते.

तंतू जाणवला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. मोनोफिलामेंट मुख्यतः संरक्षक संवेदना, म्हणजे पायाला इजा होतेय हे कळवणारी जाणीव, गेली का ते सांगतो, सुरुवातीची झीज त्यातून निसटू शकते. म्हणून त्याच्या जोडीला 128 हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या नखामागच्या हाडावर धरतात, किंवा टोचणी, थंड-गरम, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया यांपैकी काही बघतात.

एक गोंधळ खास आपल्या भाषेतला. "नसांची तपासणी झाली" म्हणून लोक डॉपलरचा रिपोर्ट पुढे करतात. डॉपलर रक्तप्रवाह दाखवतो, मज्जातंतू नाही. आपण दोन्हींना नसच म्हणतो, म्हणून ही फसगत. मधुमेहात दोन्ही तपासण्या लागतात आणि एकीचं काम दुसरी करत नाही.

बधीरपणा सापडला की सगळं खापर साखरेवर फोडू नये. बरीच वर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांत बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्याचीही लक्षणं अशीच असतात. रक्त तपासून घ्या.

घरी काही करायचं असेल तर इप्सविच स्पर्श चाचणी आहे, फक्त बोटाची. समोरच्याने डोळे मिटायचे, स्पर्श कळला की "डावा" किंवा "उजवा" म्हणायचं. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद हलकेच बोट लावा. लोक इथे दाबतात, टकटक करतात, उत्तर नाही आलं की पुन्हा लावून बघतात. यातलं काहीच करायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही तर डॉक्टरांकडे जा. सहाही कळले तरी वर्षाची तपासणी चुकवू नका.

संरक्षक संवेदना गेल्याचं ठरलं, तर वर्षातून एकदा पुरेलच असं नाही. सहा ते बारा महिन्यांनी पाय दाखवावे लागतात, आधी जखम झाली असेल तर एक ते तीन महिन्यांनी.

आणि अशा बधीर पायाचा एक घोटा किंवा पाऊल अचानक गरम, लाल, सुजलेलं दिसलं, दुखत मात्र फारसं नसलं, तर मुरगळला असेल म्हणून बाम चोळत बसू नका. आतली हाडं ढासळत असू शकतात, त्याला शार्को फूट म्हणतात. त्या पायावर भार टाकू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.