घर वाळीत टाकलंय कळल्यावर आधी काय करायचं

गावकीने, म्हणजे गावातल्या पंचांनी, एखादं घर वाळीत टाकलं असं कानावर आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "पण का टाकलं?" मी रायगडात शाळेत शिकवायचे. तेव्हापासून अशा घरांत जाऊन बसत आले आहे, आणि माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिल्या दिवशी हा प्रश्न विचारू नका. तो विचारला की कहाणी सुरू होते. बांधाचा वाद, भावकीतलं जुनं भांडण, निवडणुकीत पंचांच्या माणसाविरुद्ध उभा राहिला, पोरीने जातीबाहेर लग्न केलं. ऐकता ऐकता गावकीचं थोडंथोडं पटायला लागतं, आणि आपण म्हणतो, दोन्हीकडचं चुकलं असेल. मग त्या घराच्या बाजूने उभं राहायला कोणी उरत नाही.

म्हणून आधी डोळ्यांनी बघा. त्या घरातल्या बाईबरोबर वाडीतल्या दुकानात जा. ती अर्धा किलो साखर मागते. दुकानदार मान वर न करता "संपली" म्हणतो. साखरेचं पोतं तोंड उघडं करून त्याच्या गुडघ्यापाशीच उभं असतं, आणि मागून आलेल्या पोराला तो त्यातूनच पावशेर मोजून देतो. शिमग्यात पालखी दारोदार नाचते, पण या अंगणापाशी ढोल न थांबता पुढे जातात. मयत झाली तर खांदा द्यायला तालुक्याहून नातेवाईक बोलवावे लागतात.

हे सगळं वहीत उतरवा. तारीख, वेळ, जागा, कोण कोण होतं, तोंडून निघालेले शब्द जसेच्या तसे. "गाव त्रास देतं" एवढंच लिहिलं तर पोलीस ठाण्यात कोणी विचारत नाही. "सकाळी सार्वजनिक विहिरीवर अमक्याने कळशी भरू दिली नाही" असं लिहा. दंड घेतला असेल तर किती, कुणाच्या हातात दिला, समोर कोण होतं. पंच पावती देत नाहीत, त्यामुळे बैठकीचा व्हॉट्सअ‍ॅप निरोप, फोनवरचं बोलणं, जे हाताला लागेल ते जपून ठेवा.

कायदाही घडलेल्या गोष्टीच बघतो. 1949 चा बहिष्कारबंदीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रद्द केला. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं वाळीत पडलेल्या माणसाच्या हातात असा खास कायदा नव्हता, याची मला आजही चीड येते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा जुलै 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चिथावणी देणाराही त्यात येतो. गावकीकडचं कारण कितीही रास्त वाटलं, तरी बहिष्कार हा गुन्हाच.

"गावातच मिटवून घ्या" असं ठाण्यात कोणी म्हणालं तर वही पुढे ठेवा आणि लेखी तक्रारीची पोच मागा. एकट्याने जाऊ नका. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते 2013 पासून जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवतात, ते बरोबर येतात.

'का' हा प्रश्न त्यानंतरचा, आणि तोही साक्षीदार शोधण्यासाठी. दुकानदाराशी एकांतात बोला. साखर दिली तर आपल्यालाही दंड बसेल ही त्याची भीती खरी असते. असा घाबरलेला माणूस उद्या साक्ष देऊ शकतो, हुकूम सोडणारा पंच देणार नाही. पण दुकानदाराची भीती कळली म्हणून वहीतली साखरेची नोंद खोडायची नाही.

पुढे समेटाची वेळ येते. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर कायद्यात तशी सोय आहे. त्या बैठकीत बांधाचा वाद, निवडणूक, सगळं खुशाल बोलून घ्या. मात्र बहिष्कार मागे घेतल्याचं त्याच पंचांच्या सहीने लिहून घ्या, आणि घेतलेला दंड परत दिल्याची रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही.